घाईचं लग्न : ‘सहोढ’ ते पॉक्सो

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात आजच्या विषयाला एक नाव आहे : सहोढ. लग्नाच्या वेळी वधू गर्भवती असेल, तर नवऱ्याला ते माहीत असो वा नसो, मूल त्याचंच. त्या मुलाला नातं मिळे, वारसा मात्र नाही. तेव्हा दिवस गेले म्हणून लग्न उरकणं ही आजकालची गोष्ट नव्हे.

१८७२ च्या पुरावा कायद्यानं, कलम ११२ मध्ये, वैध लग्न झाल्यावर जन्मलेलं मूल औरस मानलं. अक्षता पडल्यावर आठवड्याभरात जन्मलं तरी. महिने मोजायचं काम गावाकडे राहिलं. महाड-पोलादपूरकडे चातुर्मासात मांडव पडला, मुंबईच्या गिरणीतला मुलगा तातडीनं बोलावला, की आयाबाया बोटं मोजणारच. घरचे म्हणणार, ‘सातमाशं आहे हो!’

ही सोय सगळ्यांना नव्हती. ब्राह्मणांत मुलीचं लग्न वयात येण्याआधीच होई. संकट कोसळे ते बालविधवेवर. १८५६ पासून पुनर्विवाह कायदेशीर होता, पण घर तयार नसे. इतर अनेक जातींत पाट लागे. हिला पाटही नाही. म्हणून तर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं.

आता काय बदललं? १९७१ च्या कायद्यानं काही अटींवर गर्भपाताची वाट मोकळी झाली. २०१२ च्या पॉक्सोनं तर प्रश्नच बदलला. पूर्वी विचारत, मूल कुणाचं? आता दवाखान्यात विचारतात, मुलीचं वय काय? अठराच्या आत असेल तर तिची संमती कायदा धरत नाही, डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, आणि लग्न लावल्यानं गुन्हा पुसला जात नाही.

कायदा हवाच. पण पोलिसांच्या धाकानं मुलीला दवाखान्यातच नेलं नाही, तर तिच्या जिवाशी खेळ होतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे वाड्यावाड्यांवर पोचलं पाहिजे.

आणि मुलगी सज्ञान असेल तर? मनूनं बापाचं नाव पाहिलं, गावानं अब्रू पाहिली. ‘बाई, तुला हे लग्न करायचंय का?’ हे फारसं कुणी विचारलं नाही. आम्हाला वाटतं, मुहूर्त काढण्याआधी एवढं विचारायला वेळ नक्की असतो.