गायीचा मिथेन आणि मूरघास: एका जुन्या आकड्याची गोष्ट

‘मूरघास दिल्याने गायीचा मिथेन कमी होतो.’ माझ्या प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं. त्याच्या कडेला मार्गदर्शकांनी एकच शब्द लिहिला होता: ‘कधी?’ मला वाटलं, ते सन विचारतायत. म्हणून इतिहास वाचायला बसलो. त्यांना सन नको होता, हे नंतर कळलं. पण उत्तर मिळालं ते त्या वाचनातच.

आधी थोडं जीवशास्त्र. गायीच्या कोटीपोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्लं बनतात आणि गाय त्यांवर जगते. अ‍ॅसिटेट बनताना हायड्रोजन सुटतो, प्रोपिओनेट बनताना तो वापरला जातो. उरलेला हायड्रोजन मिथेनोजेन नावाचे जीव घेतात: हायड्रोजनचे चार रेणू, कार्बन डायऑक्साइडचा एक, आणि तयार होतो मिथेनचा एक. तो बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरेबरोबर बाहेर पडतो. मिथेन कमी करायचा म्हणजे या हायड्रोजनला दुसरी वाट द्यायची, एवढं डोक्यात ठेवा.

हा वायू पहिल्यांदा काटेकोरपणे मोजला गेला तेव्हा हवामानाचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. जर्मनीत लाइपझिगजवळच्या म्योकर्न इथे ऑस्कर केलनर बैलांना श्वसनकक्षात ठेवून हिशेब मांडत होता. चाऱ्यात ऊर्जा किती, त्यातली शेणातून, मूत्रातून, मिथेनमधून किती गेली, आणि अंगी किती लागली? 1905 साली त्याचं पशुपोषणावरचं पुस्तक आलं. त्याच्या लेखी मिथेन म्हणजे वाया गेलेला चारा, बस्स.

मूरघासाची गोष्ट पूर्ण वेगळ्या रस्त्याने आली. फ्रान्समधल्या ऑग्यूस्त गोफार याने 1877 साली मका खड्ड्यात दाबून साठवण्यावर पुस्तक लिहिलं. त्याची चिंता हिवाळ्यातल्या वैरणीची होती. आपला शब्द इथे कामाला येतो: लोणचं मुरतं तसा हा घास मुरतो. हवा बाहेर ठेवली की लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू साखर खातात, आम्लता वाढते आणि कुजणं थांबतं. मग फिनलंडचा आर्तुरी इल्मारी विर्तानेन. त्याने हिरव्या चाऱ्यावर सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्ल ओतून सामू एकदम 4च्या खाली आणला, म्हणजे प्रथिनं वाचतात. यासाठी त्याला 1945चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत बघा, मूरघासातला सगळ्यात गाजलेला शोध आंबवण्याचा नव्हताच. आंबणं आवरण्याचा होता! त्यामुळे कुठल्या पेपरात ‘सायलेज’ दिसलं की ते किती आंबलेलं आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता माझ्या मसुद्याला खरा धक्का देणारा पेपर. स्कॉटलंडमधले केनेथ ब्लॅक्स्टर आणि क्लॅपरटन यांनी 1965 साली मेंढ्या आणि गुरांवरची श्वसनकक्षातली मोजमापं एकत्र केली. जनावराला जेमतेम निर्वाहापुरतं खायला दिलं, तर चारा जितका पचायला सोपा तितका ऊर्जेतला मिथेनचा वाटा वाढतो. पण निर्वाहाच्या तिप्पट खायला दिलं, तर उलटं: चारा पचायला सोपा असेल तर वाटा घटतो. चारा तोच, जनावराची जात तीच, आणि बदलाची दिशाच उलटी. भरपूर खाणाऱ्या युरोपीय गायीवरचा निष्कर्ष उचलून आपल्याकडच्या अर्धपोटी गायीला लावला, तर आकडा थोडा चुकत नाही, चिन्हच चुकू शकतं.

1976 साली मिथेनच्या हरितगृह परिणामावरचा एक पेपर ‘सायन्स’मध्ये आला आणि केलनरच्या वहीतल्या नुकसानीला नवा अर्थ मिळाला. मोजमाप तेच, प्रश्न बदलला. आयपीसीसीच्या 2006च्या मार्गदर्शिकेत दुभत्या गायींसाठी, आणि प्रामुख्याने पिकांच्या अवशेषांवर जगणाऱ्या गाई-म्हशींसाठीही, खाल्लेल्या एकूण ऊर्जेच्या 6.5 टक्के मिथेन धरला आहे. हा अजूनही केलनरच्याच पद्धतीचा हिशेब आहे.

मग मूरघासाचं काय? मक्याच्या मूरघासावर गवताच्या मूरघासापेक्षा प्रति किलो शुष्क पदार्थ मिथेन बऱ्याचदा कमी निघतो. पण त्यात दाण्यातलं स्टार्च असतं आणि ते प्रोपिओनेटकडे झुकतं. श्रेय मुरण्याचं की दाण्याचं? ते कळायचं तर तुलना त्याच शेतातल्या, त्याच दिवशी कापलेल्या, न मुरवलेल्या मक्याशी हवी. कडब्याशी तुलना करून ‘मूरघासाने मिथेन घटला’ म्हणणारी मांडणी मला पटत नाही. तिथे एका वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. भाजक कोणता, तेही विचारा. दूध वाढलं तर प्रति लिटर मिथेन घटेल, पण गाय जास्त खाते म्हणून दिवसाचा एकूण मिथेन वाढलेलाही असू शकतो. शेतकऱ्याला पहिला आकडा उपयोगाचा, वातावरणाला दुसरा.

माझं ते वाक्य आता चार ओळींचं झालंय: कोणता चारा, कशाच्या तुलनेत, निर्वाहाच्या किती पट खाणं, आणि मिथेन कशामागे मोजला. मार्गदर्शकांनी या वेळी कडेला ‘कक्ष कुठून आणणार?’ असं लिहिलंय.