शास्त्राच्या पाठाची आखणी

शाळेंत शास्त्र शिकवावयाचें तें कोणत्या क्रमानें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं लहान दिसतो. पुस्तक पुढें आहे, त्यांत प्रकरणें आहेत. पहिल्यानंतर दुसरें आणि दुसऱ्यानंतर तिसरें घेतलें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. परंतु ज्यानें एकदां तरी वर्गापुढें उभें राहून 'बाष्पीभवन' हा शब्द उच्चारला आहे, आणि समोरच्या चेहऱ्यांवर त्याचा कांहींच पडसाद उमटत नाहीं हें पाहिलें आहे, त्यास हा प्रश्न लहान वाटत नाहीं. व्याख्या मुखोद्गत करून परीक्षेंत उतरणारीं मुलें पुष्कळ असतात; त्या व्याख्येचा घरच्या चुलीवरील भांड्याशीं कांहीं संबंध आहे हें त्यांपैकीं किती जणांस ठाऊक असतें, हा खरा प्रश्न. त्याचा इतिहास आमच्या कोल्हापुराच्या आधारानें सांगण्याचा आज माझा विचार आहे.

कोल्हापुरांत राजाराम कॉलेज १८८० सालीं सुरू झालें. तेथें शास्त्रविषय शिकविणारे बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) ह्यांनीं रसायन व पदार्थविज्ञान ह्या विषयांवर मराठींत पुस्तकें लिहिलीं. उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी होती आणि मराठी परिभाषा अजून घडावयाची होती; तेव्हां हें काम किती कष्टाचें असेल ह्याची कल्पना आज सहसा येत नाहीं. लेखकास शब्द शोधावा लागे, आणि शब्द शोधावयाचा तर त्या कल्पनेच्या आधीं कोणती कल्पना वाचकाच्या मनांत हवी हें ठरवावें लागे. द्रावण म्हणजे काय हें कळल्यावांचून संपृक्त द्रावण कळत नाहीं. उष्णता व तापमान ह्यांतील भेद मनांत ठसल्यावांचून पुढचें पाऊल पडत नाहीं. परिभाषा घडविणारा मनुष्य अशा रीतीनें नकळत कल्पनांची वंशावळच मांडीत असतो. ह्याच मोडकांनीं १८८९ सालीं एक जंत्री प्रसिद्ध केली. तींत १७२८ पासून १८८९ पर्यंतच्या निरनिराळ्या कालगणनांतील तिथि-तारखांचा मेळ घातलेला आहे. एका गणनेंतील दिवस दुसरींत कोठें पडतो हें दाखविण्यास जी चिकाटी लागते, तीच एका कल्पनेपासून दुसरीकडे जाणारी वाट दाखविण्यासही लागते.

मोडकांचा वाचक मात्र बहुधा आधींच चार बुकें शिकलेला होता. पुढें ही स्थिति पालटली. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघावींत म्हणून साह्य केलें, आणि १९१७ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. ज्या घरांत पुस्तक कधीं शिरलें नव्हतें त्या घरांतील मूल आतां शाळेच्या दारांत येऊन उभें राहिलें. पाठ्यपुस्तकांतील शब्द त्यास परके होते. पण त्याचें मन कोरें होतें असें मात्र नव्हे. जमीन, बैल, विहीर, ऊंस व पाऊस ह्यांविषयीं त्यास जें ठाऊक होतें तें कित्येकदां गुरुजींसही ठाऊक नसे. हें ज्ञान वर्गांत कोठें बसवावयाचें, ह्याचें उत्तर पुस्तकांत नव्हतें.

शिक्षकांस ह्यावर एक साधन मिळालें होतें, तें म्हणजे पाठाचें टाचण. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) ह्याच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या बसविल्या. तयारी, विषयाची मांडणी, तुलना, सामान्य नियम व उपयोजन अशा ह्या पायऱ्या आपल्याकडील अध्यापनशाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकविल्या गेल्या. जुनें ज्ञान नवीन ज्ञानास आपलेंसें करून घेतें, हा त्यांतील मूळ विचार मोठा मोलाचा आहे. म्हणूनच टाचणांत 'पूर्वज्ञान' असा एक रकाना आला. परंतु रकाना आला म्हणजे तो भरण्याची संवय लागते, आणि संवय लागली म्हणजे विचार थांबतो. मीं स्वतः कित्येक वर्षें त्या रकान्यांत 'मुलांनीं पाणी उकळतांना पाहिलें आहे' हें एकच वाक्य लिहीत आलों. तपासणीस येणाऱ्यांनीं त्यावर कधीं हरकत घेतली नाहीं, आणि मलाही त्यांत कांहीं उणें वाटलें नाहीं.

एके दिवशीं उत्कलनबिंदूचा पाठ चालू असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, पाण्यानं भाजलं तर फोड येतो, पण काहिलीतला पाक अंगावर उडाला तर कातडंच निघतं. असं का?" त्याच्या घरीं गुऱ्हाळ होतें. टाचणांत ह्या प्रश्नास जागा नव्हती. मीं त्यास 'तें पुढें येईल' असें सांगून खालीं बसविलें. तें पुढें कधींच आलें नाहीं. हा दोष पुस्तकाचा नव्हता. माझ्या आखणीचा होता.

आतां ह्या इतिहासांतील पुढचा टप्पा पाहूं. कोल्हापूर जिल्ह्यांतच जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे १९६४ ते १९६६ ह्या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत शास्त्र व गणित हे विषय सर्वांस आवश्यक असावेत, अशी शिफारस त्या आयोगानें केली. शाहू महाराजांच्या कायद्यानें शाळेंत आलेल्या मुलाचा नातू आतां शास्त्राच्या तासालाही येऊन बसला. त्याच सुमारास अमेरिकेंत डेव्हिड ऑसुबेल ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६३ व १९६८ मधील आपल्या ग्रंथांतून असें प्रतिपादन केलें, कीं घोकंपट्टी आणि अर्थपूर्ण शिक्षण ह्यांतील अंतर विद्यार्थ्याच्या आधींच्या ज्ञानावर अवलंबून असतें. म्हणून शिक्षकानें प्रथम तें शोधून काढावें व मगच शिकवावें. सांगावयास हें सोपें, शोधावयाचें कसें?

ह्याची युक्ति कॉर्नेल विद्यापीठांतील जोसेफ नोव्हॅक व त्यांचे सहकारी ह्यांस १९७२ सालीं सांपडली. पहिली-दुसरींतील मुलांस द्रव्य, कण, ऊर्जा अशा कल्पना शिकवून त्यांच्या मनांत पुढें बारा वर्षें काय पालट होतो हें ते मुलाखतींतून पाहत होते. मुलाखतींच्या कागदांचा ढीग झाला आणि त्यांतून अर्थ काढणें दुर्घट झालें. तेव्हां त्यांनीं प्रत्येक मुलाच्या बोलण्यांतील कल्पना चौकटींत लिहिल्या, त्या रेघांनीं जोडल्या, आणि प्रत्येक रेघेवर ते दोन शब्द जोडणारें क्रियापद लिहिलें. मुलाला काय ठाऊक आहे हें एका पानावर दिसूं लागलें. ह्यासच संकल्पना-नकाशा म्हणतात. १९८४ सालीं नोव्हॅक व गोविन ह्यांनीं ह्या पद्धतीवर पुस्तक लिहिलें आणि ती अनेक देशांत पसरली.

आतां त्या गुऱ्हाळाच्या मुलाकडे परत येऊं व त्याच्या ज्ञानाचा नकाशा काढून पाहूं. नकाशाच्या शिरोभागीं एक प्रश्न लिहावयाचा: रसाचा गूळ कसा होतो? चरकांतून निघालेला रस काहिलींत पडतो. रस म्हणजे मुख्यतः साखरेचें पाण्यांतील द्रावण. खालीं चुलवाणांत वाळलेलीं चिपाडें जळतात. त्यांची उष्णता काहिलीस मिळते. चुना व भेंडीचें पाणी घालून मळी वर आणतात व काढून टाकतात. पाण्याची वाफ होऊन जाते, साखर मागें राहते, द्रावण दाट होतें. जसजसें तें दाट होतें तसतसा त्याचा उत्कलनबिंदु चढतो. समुद्रसपाटीस शुद्ध पाणी १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. गूळ उतरविण्याच्या वेळीं पाक सुमारें ११८ अंशांपर्यंत गेलेला असतो. गुळव्या थंड पाण्यांत पाकाचा थेंब टाकून गोळी होते कीं नाहीं तें पाहतो. उष्णतामापकावांचून तो तेंच मोजीत असतो. आणि पाण्यापेक्षां अधिक तापलेला व अंगास चिकटून राहणारा पाक कातडें कां सोलतो, ह्याचें उत्तर नकाशांतील दोन रेघांच्या सांध्यावर आपोआप येऊन उभें राहतें.

उष्णता, अवस्थांतर व द्रावणें हीं प्रकरणें पुस्तकांत बहुधा एकमेकांपासून दूर असतात. नकाशांत त्यांच्यामध्यें आडव्या रेघा ओढतां येतात. शिक्षकानें सत्राच्या आरंभीं असा नकाशा काढला, तर कोणती कल्पना आधीं घ्यावी, कोणती दुसरीच्या आधारावांचून उभी राहणार नाहीं, आणि कोणता प्रयोग दोन प्रकरणांस एकदम उपयोगी पडेल, हें त्यास दिसूं लागतें. टाचण एका तासाचें असतें. नकाशा सबंध सत्राचा असतो. मुलांनीं काढलेल्या नकाशावरून त्यांच्या चुकीच्या समजुतीही उघड्या पडतात. न्यूझीलंडमध्यें ऑस्बोर्न व कॉसग्रोव्ह ह्यांनीं मुलांना विचारलें होतें, कीं उकळत्या पाण्यांतील बुडबुड्यांत काय असतें? १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनांत 'हवा' असें सांगणारीं मुलें पुष्कळ आढळलीं. पाण्याचीच वाफ आहे हें कित्येक मोठ्या विद्यार्थ्यांसही सांगतां आलें नाहीं. 'पाणी उकळतांना पाहिलें आहे' ह्या माझ्या वाक्यांत किती अज्ञान लपलें होतें, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

मराठी शिक्षकापुढें येथें एक विशेष अडचण येते. नकाशाची पद्धति इंग्रजींत जन्मली. त्या भाषेंत क्रियापद कर्ता व कर्म ह्यांच्या मध्यें येतें, म्हणून तें रेघेवर सहज बसतें. आपल्या भाषेंत क्रियापद शेवटीं येतें, आणि शब्दांचा संबंध विभक्तीच्या प्रत्ययांनीं दाखविला जातो. 'उष्णता' व 'वाफ' ह्या दोन चौकटींमधील रेघेवर नुसतें 'करते' असें लिहिलें, तर वाक्य लंगडें पडतें. 'उष्णतेनें पाण्याची वाफ होते' असें सबंध वाक्य प्रथम तोंडानें म्हणावें आणि मग रेघ ओढावी. जेथें वाक्य पुरें होत नाहीं तेथें समज अपुरी आहे असें मानावें. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत, जें १९७४ सालीं स्थापन झालें, मीना खरटमल व नागार्जुन ह्यांनीं जोडशब्दांच्या ह्याच ढिलेपणाचा विचार केला आहे. रेघेवर वाटेल तो शब्द न लिहितां ठरीव अर्थाचे संबंधच वापरावेत, म्हणजे नकाशा अधिक नेमका होतो, असा त्यांचा आग्रह आहे.

राहतां राहिली संगणकाची गोष्ट. फ्लॉरिडांतील एका संशोधनसंस्थेनें सीमॅपटूल्स ह्या नांवाचें विनामूल्य साधन केलें. त्यावर काढलेला नकाशा महाजालावर ठेवतां येतो, दूरच्या माणसास तो पाहतां व सुधारतां येतो, आणि चौकटीस चित्र किंवा दुसरा नकाशा जोडतां येतो. पनामा देशानें २००४ पासून आपल्या शाळांतील शिक्षकांस ह्या पद्धतीचें शिक्षण देण्याची मोठी योजना हातीं घेतली होती. आपल्याकडे ह्याचा लाभ कोणता, हें कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढें आणल्यास कळेल. गगनबावड्याच्या मुसळधार पावसांतील शाळा व शिरोळच्या सपाटीवरील शाळा ह्यांचें पुस्तक एकच. मुलांचा अनुभव मात्र निराळा. एकानें पावसाचा नकाशा काढावा, दुसऱ्यानें पंचगंगेच्या पुराचा, तिसऱ्यानें गुऱ्हाळाचा, आणि तिघांनीं एकमेकांच्या नकाशांतील चुका दाखवाव्यात. लहानशा शाळेंत एकट्या पडलेल्या शिक्षकास असा सोबती मिळणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

तरीही एक धोका सांगितल्यावांचून राहवत नाहीं. टाचणाच्या रकान्याचें जें झालें तेंच नकाशाचेंही होऊं शकतें. कोणीतरी सुबक नकाशा काढील, शेंकडों शिक्षक तो उतरवून घेतील, फळ्यावर लावतील, आणि मुलें तो जशाचा तसा पाठ करतील. तसें झालें तर आपण घोकंपट्टीस नवीन अंगरखा घातला इतकेंच होईल. दुसऱ्याचा नकाशा अवश्य पाहावा, पण आपल्या वर्गाचा नकाशा मुलांशीं बोलूनच काढावा. वीज किंवा यंत्र नसेल तेथें खडू व फळा पुरे आहे. नोव्हॅक ह्यांचे पहिले नकाशेही कागदावरच निघाले होते.

शाळेच्या दारांत आलेलें प्रत्येक मूल कांहींतरी जाणून येतें. तें काय जाणतें हें विचारण्याचें कर्तव्य १९१७ सालींच आम्हां शिक्षकांवर येऊन पडलें होतें. तें आम्हीं पुरतेपणीं पार पाडलें असें म्हणवत नाहीं. ज्या मुलास मीं खालीं बसविलें तो आतां मोठा होऊन आपल्या उद्योगास लागला असेल. त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला आज देतां येतें, पण तें ऐकावयास तो माझ्या वर्गांत नाहीं. ज्या शिक्षकबंधुभगिनींच्या वर्गांत असा मुलगा किंवा मुलगी उद्यां उभी राहील, त्यांनीं आपल्या आखणींत त्या प्रश्नासाठीं एक मोकळी चौकट आधींच राखून ठेवावी, एवढीच माझी विनंति आहे.