अमेरिका खंडांतील पिग्मी नाकतोडे : वर्गीकरण व प्रसार यांचा इतिहास

प्रस्तावना :
टेट्रिजिडी कुलातील पिग्मी नाकतोडे बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. ओढ्याकाठच्या ओलसर जमिनीवर राहून ते शेवाळ व कुजका पाला खातात. पहिल्या वक्षखंडावरील ढालीसारखे कवच, म्हणजेच प्रोनोटम, मागे वाढून उदर झाकते, ही त्यांची प्रमुख ओळख होय. मात्र याच कवचाने अभ्यासकांना दीर्घकाळ चकविले. कोणता भेद जातीचा आणि कोणता केवळ व्यक्तीचा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

नामकरणाचा काळ :
लिनियसने १७५८ मध्ये नोंदविलेली 'टेट्रिक्स सबुलाटा' ही जाती युरोप व उत्तर अमेरिका अशा दोन्हीकडे आढळते. अमेरिकेतील 'टेटिजिडिया लॅटरॅलिस' या जातीचे वर्णन थॉमस से यांनी १८२४ मध्ये केले, तर क्यूबातील पानासारख्या कवचाचा 'कोरिफायलम' सर्व्हिल यांनी १८३८ मध्ये नोंदविला. इग्नासिओ बोलिव्हार यांच्या १८८७ च्या फ्रेंच प्रबंधाने जगभरच्या या गटाला एक चौकट दिली. शिकागोच्या जे. एल. हॅन्कॉक यांचा उत्तर अमेरिकेवरील ग्रंथ १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच हॅन्कॉक यांनी १९१२ मध्ये बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेच्या संग्रहाचाही अभ्यास प्रसिद्ध केला, हे भारतीय वाचकांसाठी उल्लेखनीय आहे.

भेदांची कसोटी :
एकाच जातीत आखूड व लांब कवचाची रूपे आढळतात. रंग व नक्षी तर कमालीची बदलते. त्यामुळे एका जातीला अनेक नावे मिळण्याचा धोका होता. कॅन्ससमधील रॉबर्ट नेबर्स यांनी १९१४ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रजनन-प्रयोगांनी हे रंगभेद मेंडेलच्या नियमांनुसार संक्रमित होतात हे दाखविले. पुढे रेन व ग्रँट यांनी १९६१ च्या ग्रंथात अनेक जुनी नावे समानार्थी ठरविली. मात्र या ग्रंथाची मर्यादा मेक्सिकोच्या उत्तरेपुरतीच होती. म्हणजे प्रसाराचा नकाशा हा कीटकांचा तितकाच संशोधकांच्या वाटांचाही नकाशा ठरतो.

जुन्या संग्रहाचे मोल :
डोमिनिकन प्रजासत्ताकातील अंबर मिल्टन सँडरसन यांनी १९५० च्या दशकात गोळा केले. इलिनॉयमध्ये ते अनेक दशके पडून होते. त्यातूनच २०१४ मध्ये 'इलेक्ट्रोटेटिक्स ॲटनबरोई' या जीवाश्माचे वर्णन झाले. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या या नाकतोड्याला अवशेषरूप पंख होते. त्याच्या उपकुलातील आजच्या बहुतेक जाती मात्र पंखहीन आहेत.

निष्कर्ष :
नावे देण्याइतकेच चुकीची नावे मागे घेणे हेही शास्त्रीय कार्य आहे. त्यासाठी मूळ नमुना आणि त्यावरील स्थळ-दिनांकाची चिठ्ठी टिकली पाहिजे. महाविद्यालयीन संग्रहालयांतील धूळ खाणाऱ्या पेट्यांकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.