तुपाची चैन आणि जातीचा पहारा

“चैनीची वस्तू आहे, परवडत नसेल तर घेऊ नका.” तूप, चांगली साडी, सणाची मिठाई महागली की हे उत्तर हमखास मिळते. चैन कशाला म्हणायचे हे ठरवले कोणी, हा प्रश्न मात्र त्यात दडपला जातो. आणि या देशात त्या प्रश्नाला इतिहास आहे.

जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) नोंदवली आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले, त्यात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना झोडपून काढले. गुन्हा एकच, तूप वाढले! गुजरातमधल्या झानू गावात १९३५ साली सुस्थितीतल्या घरच्या अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. इंदूर भागात बलाई जातीवर लादलेल्या नियमांत जरीकाठी पागोटे, रंगीत काठाचे धोतर आणि बायांच्या सोन्याचांदीच्या दागिन्यांना बंदी होती.

म्हणजे खिशात पैसा होता, बाजारात माल होता. आडवा आला तो भाव नव्हे, जात आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण ठरणारी लुगड्याची नेसण आणि दागिने टाकायला सांगितले, ते याचसाठी.

कोणी म्हणेल, मग बाजारच बरा; तो जात विचारत नाही, पैसे विचारतो. यात तथ्य आहे. चाऱ्यामुळे, मजुरीमुळे तूप महागले तर तो ग्राहकावर अन्याय नाही. राबणाऱ्या हाताला दाम मिळालाच पाहिजे. पण भावात सरकारचाही हात असतो. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या आणि सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. बायांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये तो गेला. तुपावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर यायला सप्टेंबर २०२५ उजाडले. गरज आणि चैन यांची यादी करताना आपल्या वस्तीतल्या बाईला कोणी विचारले होते?

महाग असणे हा अन्याय नाही. ‘हे तुमच्यासाठी नाहीच’ असे आधी ठरवून मग भाव लावणे, हा अन्याय आहे. काल तो पहारा लाठीने होत होता. आज करांच्या यादीतून तो होऊ नये, यासाठी यादी करणाऱ्यांमध्ये आपली माणसे बसली पाहिजेत.

जय भीम!