पबमधली पितळी पाटी कशी वाचायची?

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर १४५ नंबरच्या इमारतीला लागून एक बोळ आहे, वाइन ऑफिस कोर्ट. लक्ष नसेल तर तो सहज मागे पडतो. आत वळलात की 'ये ओल्ड चेशायर चीज' या पबचं दार लागतं आणि दाराशेजारी राजेराण्यांच्या नावांची लांबलचक यादी दिसते. दुसऱ्या चार्ल्सपासून ज्यांच्या ज्यांच्या कारकिर्दीत हा पब चालू राहिला, त्या सगळ्यांची नावं. 'पुनर्बांधणी १६६७' असंही तिथे लिहिलेलं आहे.

आपल्याकडे पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत आणि रंगीत दिवे आठवतात. ते डोक्यातून काढून टाका. 'पब्लिक हाऊस', म्हणजे चार लोकांनी यावं, बसावं, प्यावं, जेवावं असं घर. चेशायर चीजमध्ये लहानलहान खोल्या आहेत, काळपट लाकडी भिंती, उंच पाठीचे बाक, थंडीत पेटलेली शेकोटी. उजेड इतका कमी की बाहेरून आलेल्या माणसाला क्षणभर काही दिसतच नाही. तळमजल्यावरच्या जेवणाच्या खोलीत शेकोटीजवळ एक जागा आहे. तिथली पितळी पाटी सांगते की ही डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांची आवडती जागा. इंग्रजीचा तो प्रसिद्ध शब्दकोश १७५५ मध्ये प्रसिद्ध करणारे जॉन्सन.

पर्यटक इथे फोटो काढतो आणि पुढे जातो. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर आहात, तेव्हा तुम्ही थांबायचं. ही पाटी म्हणजे साधन आहे का? असेल तर कशाचं?

आधी इमारत बघू, कारण ते सोपं आहे. सप्टेंबर १६६६ च्या मोठ्या आगीत लंडन शहराचा बहुतेक भाग जळाला. आग पश्चिमेला फ्लीट स्ट्रीटपर्यंत पोचली होती, त्यामुळे त्यानंतर वर्षभरात इथे नवं बांधकाम झालं हे पटण्यासारखं आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं घर म्हणून ते संरक्षित वास्तूंच्या यादीतही आहे. मात्र आतलं सगळं तेवढं जुनं नाही. लाकडी तावदानांपैकी काही एकोणिसाव्या शतकातली आहेत. म्हणजे एकाच भिंतीकडे बघताना तुम्ही दोन वेगवेगळ्या शतकांकडे बघत असता आणि काळोखात फरक कळत नाही. नावाचंही तसंच. 'ये ओल्ड' मधला 'ये' मुळात 'द'च आहे. जुन्या इंग्रजीत 'थ' साठी एक वेगळं अक्षर होतं, ते लिहिताना 'वाय'सारखं दिसू लागलं, आणि पुढे दुकानदारांनी जुनाट वाटावं म्हणून 'ये ओल्ड' लावायची टूम काढली. ती टूम एकोणिसाव्या शतकातली. कुठे 'प्राचीन' असं ठळक लिहिलेलं दिसलं की ते कधी लिहिलं हे आधी विचारायचं.

तळघराबद्दल सांगतात की ते तेराव्या शतकातल्या कार्मेलाइट मठाच्या अतिथिगृहाचं आहे. आता नकाशा उघडा. कार्मेलाइटांचा मठ, म्हणजे व्हाइटफ्रायर्स, फ्लीट स्ट्रीटच्या दक्षिणेला, थेम्सच्या बाजूला होता. पब रस्त्याच्या उत्तरेला आहे. मठाची एखादी इमारत रस्त्यापलीकडे असणं अशक्य नाही, पण ते कागदाने किंवा खोदकामाने दाखवावं लागेल. नुसती कमान जुनी आहे म्हणून भागत नाही. (आपल्याकडे कुठलंही जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, तसं इंग्लंडात जुनं तळघर मठाचंच निघतं.)

आता जॉन्सनकडे येऊ. खरी गंमत इथे आहे.

जॉन्सनच्या मैफलींबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं जेम्स बॉस्वेलने लिहिलेल्या चरित्रामुळे. कुठे जेवले, कोण काय बोललं, कोणाचा अपमान झाला, सगळं तो टिपून ठेवतो. माइटर नावाच्या टॅव्हर्नचा उल्लेख वारंवार येतो. चेशायर चीजचा? एकदाही नाही. झालं तर मग, पाटी खोटी! असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मुलाखतीत कोणी हा प्रश्न विचारला तर दहातले आठ जण हेच उत्तर देतील.

पण थांबा. बॉस्वेल जॉन्सनला पहिल्यांदा भेटला १६ मे १७६३ रोजी. जॉन्सन पबपासून हाकेच्या अंतरावरच्या गॉफ स्क्वेअरमधल्या घरात राहत होते १७४८ ते १७५९ या काळात. शब्दकोशाचं काम तिथेच झालं. म्हणजे ते पबच्या सगळ्यात जवळ राहत होते तेव्हा बॉस्वेल त्यांना ओळखतही नव्हता. त्या वर्षांबद्दलचं त्याचं मौन कशाचाच पुरावा ठरत नाही. शिवाय १७६० च्या सुमारास ऑलिव्हर गोल्डस्मिथ याच वाइन ऑफिस कोर्टमध्ये राहत होता आणि जॉन्सन त्याच्याकडे गेले होते. उलट बाजूही पाहा. १७६३ नंतरही जॉन्सन आधी जॉन्सन्स कोर्टमध्ये आणि मग बोल्ट कोर्टमध्ये राहिले, दोन्ही फ्लीट स्ट्रीटलगतच. तेव्हा ते या पबात नित्य येत असते तर बॉस्वेलच्या तावडीतून सुटले असते का? इथे मात्र मौनाला वजन येतं. साधन गप्प आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. ज्याने बोलायला हवं होतं आणि ज्याला बोलता आलं असतं, तोच गप्प असेल तर विचार करायचा. माझ्या वहीत हा नियम पहिल्या पानावर आहे, कारण तो मी स्वतःच दोनदा मोडलाय.

मग ही गोष्ट आली कुठून? सायरस जे नावाच्या वकिलाच्या आठवणी १८६८ मध्ये छापल्या गेल्या. हा गृहस्थ अर्ध्या शतकाहून जास्त काळ या पबात जेवत होता आणि जॉन्सनला इथे पाहिलेली म्हातारी माणसं आपण तरुणपणी भेटलो असं त्याने लिहिलंय. जॉन्सन वारले डिसेंबर १७८४ मध्ये. हिशेब करून बघा, वयं जुळतात. म्हणजे ही अगदीच हवेतली गोष्ट नाही. पण ती घडून गेल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी कागदावर आली आणि आवडत्या पबाचा अभिमान असलेल्या माणसाने लिहिली. पुढे पबाने स्वतःबद्दलचं पुस्तक काढलं, त्याच्या आवृत्त्या निघाल्या, जॉन्सनची जागा बघायला अमेरिकेहून प्रवासी येऊ लागले. ऐकीव आठवणीला एकदा गिऱ्हाईक मिळालं की ती पितळेत कोरली जाते. बखर वाचताना जी सावधगिरी आपण बाळगतो तीच इथे लागते. बखर टाकून द्यायची नसते, पण ती ज्या काळाबद्दल बोलते त्यापेक्षा ज्या काळात लिहिली गेली त्याबद्दल अधिक सांगते. ही पाटी जॉन्सनच्या अठराव्या शतकाबद्दल थोडं सांगते आणि त्याला डोक्यावर घेणाऱ्या व्हिक्टोरियन लंडनबद्दल भरपूर.

इथपर्यंतचं कोणत्याही चांगल्या मार्गदर्शकाने सांगितलं असतं. मला खरं खुपतं ते पुढचं.

१९६२ मध्ये या पबाने वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत सापडलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या काही टाइल्स लंडनच्या संग्रहालयाला दिल्या. अठराव्या शतकाच्या मध्यातल्या. त्यांच्यावर उघड संभोगचित्रं आहेत. त्यावरून त्या काळी ही खोली कुंटणखाना म्हणून वापरली जात असावी असा तर्क केला जातो. इथेही घाई नको. अशी चित्रं एखाद्या पुरुषांच्या क्लबाने हौसेने लावलेली असू शकतात. खोली कोणी वापरली हे टाइल सांगत नाही, ती कशाने सजवली होती एवढंच सांगते. तरीही एक तुलना कराच. खालच्या मजल्यावर एका लेखकाची जागा आहे, समकालीन पुरावा शून्य, पाटी पितळेची. वरच्या मजल्यावर त्याच दशकांमधली हातात धरता येईल अशी वस्तू मिळाली आणि ती इमारतीबाहेर गेली. त्या खोलीत बायका होत्या का, असल्या तर कोण, त्यांची नावं काय, याची यादी दारात नाही. दारात राजे आहेत. पोली नावाच्या पोपटाचीसुद्धा आठवण या पबात जपली जाते. १९२६ मध्ये तो मेला तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले होते!

म्हणून आत शिरल्यावर जॉन्सनच्या जागेकडे धावण्याआधी छोट्या बारच्या दाराकडे बघा. 'या बारमध्ये फक्त सभ्य गृहस्थांनाच सेवा मिळेल' अशा अर्थाची जुनी सूचना तिथे आहे. आज ती शोभेपुरती, आत कोणीही जाऊ शकतं. लोक हसतात, फोटो काढतात. पण याच रस्त्यावर एल विनो नावाचा वाइन बार आहे. तिथे बायकांना काउंटरपाशी उभं राहून पेय मिळत नसे, मागच्या खोलीत टेबलाशी बसावं लागे. फ्लीट स्ट्रीट तेव्हा वर्तमानपत्रांचा रस्ता होता. काउंटरवर पत्रकार आणि वकील जमत, बातमीची कुणकुण तिथेच लागे. म्हणजे प्रश्न ग्लासाचा नव्हता, कामधंद्याचा होता. टेस गिल आणि ॲना कूट या दोघी कोर्टात गेल्या, खालच्या कोर्टात हरल्या आणि १९८२ मध्ये अपील न्यायालयात जिंकल्या. लिंगभेदाविरुद्धचा कायदा १९७५ चा, म्हणजे त्यानंतरही सात वर्षं लागली. या खटल्याचं निकालपत्र छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्याला तारीख आहे, पक्षकार आहेत, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत. जॉन्सनच्या जागेबद्दल यातलं एकही नाही.

तुमच्यापैकी कोणी पुढेमागे लंडनला अभिलेखागारात काम करायला गेलात तर एखाद्या दुपारी, गर्दी नसताना, इथे जा. प्यायलाच पाहिजे असं नाही, चहा-कॉफी किंवा जेवणही चालतं. वही-पेन्सिल बरोबर ठेवा. दोन रकाने आखा. एकात भिंती काय काय सांगतात ते लिहा, आणि दुसऱ्यात ते कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिलं असेल ते. पहिला रकाना दहा मिनिटांत भरतो. दुसऱ्यासाठी मात्र तुम्हाला बाहेर पडून पुन्हा अभिलेखागाराकडेच जावं लागेल.