अंकस्थानांचा वारसा

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा अंकस्थाने सांगितली. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. चाळीसगावनजीक पाटणे येथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

पुढे हाच ठेवा पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर उतरला. ‘एकं, दहं, शतं, सहस्र’ ही घोकणी आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी यांच्या बळावर मुले मोठाले हिशेब तोंडी करीत.

२०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद माजला. परंतु अडचण खरी आहे. ‘त्रेसष्ट’ उच्चारताना तीन आधी येतात, लिहिताना सहा. म्हणून बालक ३६ लिहिते. अशा चुकीस मीही प्रारंभी छडीने उत्तर दिले, याची आज खंत वाटते. दोष बुद्धीचा नव्हता, बोलण्याच्या व लिहिण्याच्या क्रमातील विरोधाचा होता.

शंभरापुढे मोठे स्थान आधी बोलतात, तेथे रिकामे स्थान फसविते. ‘चार लक्ष सात’ हे मूल ४०७ लिहिते. स्थानांची नावे वर मांडून रिकाम्या घरी शून्य भरविले की ४,००,००७ आपोआप उमटते.

ज्ञातिबांधवांनी दिवेलागणीचा परवचा पुन्हा सुरू करावा. मात्र पाठांतरासवे प्रत्येक अंकाचे घरही मुलांस विचारावे. पूर्वजांचा ठेवा घोकण्याने टिकतो, समजण्याने वाढतो.