मुक्या कंपनांची हजेरी

माझे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले. शास्त्र शिकलो ते रात्री वाचून. सभेत जो तोंड उघडत नाही, त्याचेही नाव हजेरीपटावर असावे लागते. बेंझिनच्या रेणूची हकीकत मला म्हणूनच जवळची वाटते.

त्यात कार्बनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा अणू. ते स्प्रिंगांनी जोडल्यासारखे सतत कंप पावतात. केकुले यांनी १८६५ साली कार्बनच्या अणूंचे कडे कल्पिले. ते सपाट व सहाही बाजूंनी सारखे असेल, तर हिशेबाने कंपने ३० आणि निरनिराळ्या वारंवारता २० भरतात. पैकी ४ अवरक्त वर्णपटात दिसतात, ७ रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेल्या परिणामामुळे दिसतात. उरलेल्या ९ दोन्हीकडे मुक्या!

१९३४ साली विल्सन यांनी या कंपनांचे गणित मांडले. पण बंधांचा ताठपणा सांगणारे आकडे आधी ठाऊक नसतात. मोजमापे थोडी आणि अज्ञाते फार, अशा हिशेबातून हवे ते उत्तर काढता येते. हा धोका कोणत्याही ताळेबंदात असतो.

तोड निघाली जड हायड्रोजनमुळे. युरी यांनी तो १९३१ साली शोधला. त्याचे वजन दुप्पट, पण बंधाचा ताठपणा तोच. म्हणजे अज्ञात न वाढता नवी मोजमापे हाती आली! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे बेंझिन तयार करून १९३६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सगळे कडे एकदम फुगते-आकसते त्या कंपनाचा आकडा, दर सेंटिमीटरला लहरी या मापात, ९९२ आहे. सहाही हायड्रोजन बदलले की तो सुमारे ९४५ होतो. प्रत्येक कार्बन-हायड्रोजन जोडी एकसंध हलते असे धरल्यास गणित ९५६ सांगते. राहिलेला फरकच सांगतो की, जोडी पुरती एकसंध नाही. काहीच हायड्रोजन बदलले, तर रेणूचा सारखेपणा मोडतो आणि मुकी कंपनेही बोलू लागतात.

वायूच्या उष्णतेचा हिशेब तीसही कंपने धरल्यावाचून जुळत नाही. म्हणून जेथे मोजता येते तेथे मोजलेला आकडा घ्यावा, जेथे येत नाही तेथे गणिताचा. मात्र कोणता कुठला, हे लिहून ठेवावे. आज संगणकाने काढलेल्या वारंवारता बहुधा थोड्या चढ्या येतात. त्याही मोजमापाशी ताडून खाली आणतात. मुक्यांच्या वतीने बोलणाऱ्याने आपला हिशेब असा उघडा ठेवलाच पाहिजे.